गर्भपिशवी राखली, आता पुढे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गर्भाशयमुखाचा कर्करोग अगदी सुरुवातीला सापडला आणि त्या स्त्रीला पुढे मूल हवे असेल, तर संपूर्ण गर्भपिशवी काढण्याऐवजी केवळ तिचे मुख, त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या ऊतींचा काही भाग आणि योनीचा वरचा काठ काढून, उरलेली पिशवी पुन्हा योनीला जोडता येते. या शस्त्रक्रियेला रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी म्हणतात. फ्रान्समधील ल्यों शहरातले शल्यविशारद दानिएल दार्जाँ यांनी १९८७ मध्ये ती योनीमार्गे केली आणि १९९४ मध्ये तिची माहिती वैद्यकीय जगासमोर मांडली. गाठ साधारण २ सेंटिमीटरपेक्षा मोठी नाही आणि ओटीपोटातील लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) रोग पोचलेला नाही, अशाच स्त्रियांसाठी तिचा विचार होतो. जोडलेल्या जागी गर्भपिशवीच्या खालच्या टोकाभोवती बहुतेक वेळा न विरघळणाऱ्या धाग्याचा एक गोल टाका घातलेला असतो. या अंकासाठी निवडलेल्या पत्रांतील निम्म्याहून अधिक तक्रारी या ना त्या वाटेने त्या टाक्यापाशी आणि त्याच्या आतल्या अरुंद वाटेपाशी येऊन थांबतात, म्हणून तो आधीच सांगून ठेवला.

प्रश्न : माझे वय ३१ आहे. आठ महिन्यांपूर्वी माझी ट्रॅकेलेक्टॉमी झाली. सुरुवातीच्या दोन पाळ्या नीट आल्या, नंतर रक्तस्राव कमी कमी होत गेला आणि गेले तीन महिने पाळी आलेलीच नाही. मात्र दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोटात असह्य कळा येतात. गरोदरपणाची चाचणी निगेटिव्ह आहे. ‘एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असे चालायचेच’ असे मला सांगण्यात आले. आणखी किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : वाट पाहू नका. पाळी नाही, पण पाळीच्या वेळच्या कळा मात्र ठरलेल्या दिवशी येतात, हे चित्र इतके बोलके असते की तपासणीच्या आधीच निदानाचा अंदाज बांधता येतो. तुमची अंडाशये काम करीत आहेत, गर्भपिशवीचे अस्तर दर महिन्याला तयार होऊन सुटते आहे, परंतु ते रक्त बाहेर पडण्याची वाट व्रणामुळे आवळली गेली आहे किंवा पूर्ण बुजली आहे. रक्त आतच साचते, गर्भपिशवी ते ढकलण्यासाठी आकुंचन पावते आणि त्याच त्या कळा असतात. या शस्त्रक्रियेनंतर साधारण दहातील एका स्त्रीला ही अडचण येते. टाका घातलेला असल्यास तिचे प्रमाण वाढते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वाट मोकळी राहावी म्हणून आत बारीक नळी ठेवली असल्यास ते कमी होते. ‘चालायचेच’ या शब्दांत बोळवण करण्याजोगी ही गोष्ट मुळीच नाही.

पहिली पायरी सोनोग्राफीची. कळा चालू असतानाच ती करून घेतली, तर साचलेले रक्त स्पष्ट दिसते. रक्त साचले आहे असे दिसले, की उपाय म्हणजे वाट पुन्हा मोकळी करणे. हे काम वरवर किरकोळ वाटते, पण ते घाईने उरकण्याचे नव्हे. मूळ मुख काढून टाकलेले असल्यामुळे आत पाहिले की नेहमीचा गुलाबी उंचवटा दिसत नाही. योनीच्या टोकाशी एक गुळगुळीत, पांढरट व्रण दिसतो आणि त्यात कधी टाचणीच्या टोकाएवढा खळगा असतो, कधी तोही नसतो. त्यामुळे लघवीची पिशवी भरलेली ठेवून, पोटावरून सोनोग्राफीने पाहत, थोड्या वेळाची भूल देऊन, आधी एक बारीक सळई त्या खळग्यातून अलगद आत नेतात. ती योग्य दिशेने जात आहे हे पडद्यावर दिसल्यावरच एकेक मिलिमीटरने जाड होत जाणाऱ्या सळया वापरतात. वाट सापडल्याची खूण सहसा डोळ्यांना दिसतेच, कारण डांबरासारखे काळपट, दाट रक्त संथपणे बाहेर येऊ लागते. दिशा चुकली तर सळई गर्भपिशवीच्या भिंतीत किंवा मूत्राशयाकडे शिरू शकते, म्हणून सोनोग्राफीशिवाय, केवळ हाताच्या अंदाजाने हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट किती मोठी करावी, हाही विचाराचा भाग आहे. रक्त बाहेर यायला ती उघडी हवी आणि पुढे गर्भ धरून ठेवायला ती मिटलेली हवी. एकाच टाक्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा असते. म्हणून पाळीचे रक्त वाहील इतपतच ती रुंद करतात आणि पुन्हा चिकटू नये यासाठी काही दिवस ते काही आठवडे एक मऊ नळी आत ठेवतात. एवढे करूनही काही जणींची वाट पुन्हा आवळते आणि दोनदा-तीनदा हेच करावे लागते. त्यात शस्त्रक्रिया फसली असे काही नसते. वाट मोकळी करण्यासाठी तारीख लांबची मिळाली, तर तोपर्यंत पाळी थांबवणारी संप्रेरके डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. निदान त्या महिन्याच्या कळा तरी टळतात. मात्र केवळ वेदनाशामक गोळ्यांवर महिने काढणे धोक्याचे आहे, कारण मागे उलटलेले रक्त गर्भनलिकांवाटे पोटात जाऊन एंडोमेट्रिओसिसला, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या ऊती पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराला, खतपाणी घालू शकते आणि साचलेल्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तर आत पू होतो. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा न थांबणारी वेदना यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

सोनोग्राफीत रक्त साचलेले दिसलेच नाही, तर मात्र दिशा बदलावी लागते. अशा वेळी अस्तरच आतून चिकटलेले असू शकते किंवा रक्तपुरवठा घटल्यामुळे ते पातळ झालेले असू शकते, आणि ते दुर्बिणीने आत पाहिल्यावर कळते. आवळलेल्या जागेतील ऊती वेगळ्या दिसल्या, तर बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) घेण्याचा आग्रह धरा; व्रण जसा वाट बुजवतो, तसा क्वचित उलटलेला रोगही बुजवतो.

तुम्हाला पुढे मूल हवे असेल, तर ही वाट मोकळी असणे त्यासाठीही आवश्यक आहे. नैसर्गिक रीतीने दिवस राहिले नाहीत, तर शुक्राणू थेट गर्भपिशवीत सोडण्याचा किंवा आयव्हीएफचा पर्याय असतो, पण नळीच आत जात नसेल तर दोन्ही अडतात. आयव्हीएफचा विचार असेल, तर भ्रूण सोडण्याच्या ऐन दिवशी अडचण कळण्यापेक्षा आधीच्या महिन्यात नळी आत घालून पाहण्याची रंगीत तालीम करून घ्यावी.

प्रश्न : शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले. अंगावरून सतत पिवळसर पाणी जाते, कधी कधी थोडे रक्तही दिसते. संबंधांच्या वेळी पतीला काहीतरी टोचल्यासारखे वाटते आणि मलाही बोटाला तारेसारखा कडक धागा लागतो. प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले, फरक नाही. वय ३४.

उत्तर : तो धागा म्हणजे टाक्याचेच टोक असावे. गर्भपिशवीभोवतीचा न विरघळणारा धागा कालांतराने ऊती कुरतडत योनीत डोकावू लागतो आणि त्याच्याभोवती लालसर, नाजूक, जरा स्पर्श होताच रक्त येणारे मांस वाढते. जोपर्यंत हा परका धागा तिथे उघडा आहे, तोपर्यंत प्रतिजैविके दिली की स्राव चार दिवस कमी होणार आणि पुन्हा येणार. चौथा कोर्स घेण्याऐवजी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडून स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहण्याचे साधन) घालून नीट तपासणी करून घ्या. केवळ टोक बाहेर आले असेल, तर ते बाह्यरुग्ण विभागातच आखूड करता येते आणि वाढलेल्या मांसावर ते जाळून टाकणारे सिल्व्हर नायट्रेट हे औषध लावता येते. वर्ष उलटून गेल्यावर असे मांस दिसले, तर आधी त्याचा तुकडा तपासायला पाठवणे इष्ट. टाका बऱ्याच अंशी योनीत उतरला असेल, तर तो काढून टाकणेच श्रेयस्कर. त्यामुळे मातृत्वाची शक्यता संपत नाही, कारण पुढे पोटातून वरच्या बाजूला नवा टाका घालता येतो. पण तो गर्भ राहण्यापूर्वी की राहिल्यावर, हे आधी ठरलेले असावे. धागा घरी ओढून पाहू नये, एवढी विनंती. पत्रावरून तो मोह तुम्हाला झाला असावा असे वाटते.

प्रश्न : पत्नीच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले. कॅथेटर काढल्यापासून तिला लघवीची भावनाच होत नाही. पोट दाबून लघवी करावी लागते आणि तरी उरल्यासारखी वाटते. हे कायमचे आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. मुखाच्या दोन्ही बाजूंच्या ज्या ऊती काढाव्या लागतात, त्यांतूनच मूत्राशयाच्या नसा जातात. त्या दुखावल्या की मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही आणि ते रिकामे करण्याचा जोरही येत नाही. नसा सावरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोपर्यंत भावनेवर नव्हे, घड्याळावर विसंबावे. दर तीन ते चार तासांनी लघवीला बसावे, पुढे झुकून, सावकाश. एकदा झाल्यावर दोन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. पोट दाबणे मात्र थांबवा.

लघवी झाल्यानंतर आत किती उरते, हे सोनोग्राफीने मोजून घ्या. साधारण १०० मिलिलिटरपेक्षा कमी उरत असेल, तर केवळ वेळापत्रक पाळणे पुरे होते. सातत्याने त्याहून अधिक उरत असेल, तर दिवसातून काही वेळा स्वतःच बारीक कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करण्याचे तंत्र परिचारिकेकडून शिकून घ्यावे. ऐकायला हे भीतिदायक वाटते, पण आरशाच्या मदतीने पहिले दोन दिवस जमवले की बहुतेक स्त्रिया काही मिनिटांत ते करू लागतात, आणि आठवडेच्या आठवडे कॅथेटर आत ठेवण्यापेक्षा त्यात संसर्गाचा धोका कमी असतो. रोज किती झाली आणि किती उरली, याची वहीत नोंद ठेवा. उरणारा आकडा उतरत गेला, की कॅथेटरची गरज किती कमी करायची ते त्यावरून ठरते. एक फरक ओळखून ठेवा : लघवी अडणे वेगळे आणि योनीतून दिवस-रात्र पाण्यासारखी गळत राहणे वेगळे. तसे गळत असेल तर मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला छिद्र पडल्याची शंका घेऊन तातडीने तपासणी करावी लागते. कमरेच्या वरच्या बाजूला एका अंगाला दुखून ताप आला, तरीही थांबू नये.

प्रश्न : सहा महिन्यांपासून डावा पाय संध्याकाळी जड होतो, घोट्याशी बोट दाबले की खड्डा पडतो. सोनोग्राफीत ‘लिम्फोसील’ असे लिहिले आहे. ते काढून टाकावे का?

उत्तर : लसिकाग्रंथी काढलेल्या जागी लसिकाद्रव साचून जी पाण्याची गाठ होते, ती म्हणजे लिम्फोसील. ती लहान असेल, दुखत नसेल आणि ताप नसेल, तर तिला हात लावू नये. अनेकदा ती आपोआप जिरते, आणि उगाच सुई घालून संसर्ग ओढवून घेण्यात शहाणपण नाही. ती मोठी होऊन शिरेवर किंवा मूत्रवाहिनीवर दाब देत असेल, किंवा आत जंतुसंसर्ग झाला असेल, तेव्हा सोनोग्राफीच्या आधाराने नळी घालून ती रिकामी करतात. पायाच्या सुजेचे मूळ बहुधा लसिकेच्या अडलेल्या वाटेतच आहे, परंतु त्याआधी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे डॉपलर तपासणीने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) पाहून घ्या; पोटरी अचानक दुखू लागली किंवा एकच पाय एकाएकी सुजला, तर तीच तपासणी त्याच दिवशी करावी. गुठळी नसल्यास मापाचे दाबमोजे, लसिकेचा निचरा करणारा हलका मसाज जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून आणि रोजचे चालणे, हाच उपचार. दर आठवड्याला ठरावीक ठिकाणी, म्हणजे घोट्याच्या वर चार बोटे आणि गुडघ्याखाली चार बोटे, टेपने घेर मोजून लिहून ठेवा. त्वचेला चीर, भेग, नखुरडे होऊ देऊ नका. सुजलेल्या पायाला लाली आणि थंडीताप घेऊन येणारा संसर्ग अशाच चिरेतून शिरतो.

प्रश्न : तपासणीत माझ्या पॅप चाचणीच्या अहवालात ‘ग्रंथीपेशींमध्ये असाधारण बदल’ असे आले आहे. रोग उलटला का? मी रात्रभर झोपलेली नाही.

उत्तर : या एका वाक्यावरून तसे म्हणता येत नाही. पॅप चाचणीत ब्रशने पेशी खरवडून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मुख काढल्यामुळे आता तपासणीचा ब्रश थेट गर्भपिशवीच्या खालच्या भागाला लागतो आणि तिथल्या निरोगी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली संशयास्पद दिसू शकतात. अहवाल लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना ट्रॅकेलेक्टॉमी झाल्याचे ठाऊक होते का, हे आधी विचारा. नसेल, तर काचपट्टी पुन्हा पाहण्याची विनंती करा. सोबत एचपीव्ही (या कर्करोगाला कारण होणारा विषाणू) चाचणी, कॉल्पोस्कोपी (भिंगातून मोठे करून तपासणे) आणि शंका उरल्यास बायोप्सी, या क्रमाने उत्तर मिळेल. बहुतेक ठिकाणी पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी बोलावतात. योग्य निवड केलेल्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे पाच टक्के किंवा त्याहून कमी आहे, हेही लक्षात ठेवा. मात्र त्यासाठी फेऱ्या चुकवू नका.

प्रश्न : वय ३५. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी आयव्हीएफने दिवस राहिले आहेत आणि आता अकरावा आठवडा सुरू आहे. घरच्यांनी मला अंथरुणावरून उठू दिलेले नाही. गर्भ टिकण्यासाठी आणखी काय करावे?

उत्तर : अभिनंदन. आणि अंथरुणावरून उठा. सक्तीच्या विश्रांतीने अशा गरोदरपणात मुदतपूर्व प्रसूती टळते, याला पुरावा नाही. उलट गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि स्नायू दुबळे होतात. जड वजन उचलणे आणि तासन्‌तास उभे राहणे टाळले, तर घरात वावरायला हरकत नाही. संबंध टाळण्याचा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात आणि तो पाळावा.

धोका कुठे आहे, हे समजून घेतले तर काळजी योग्य जागी घेता येते. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपाताचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा फारसे वेगळे नसते. फरक पडतो तो चौथ्या महिन्यानंतर. मूळ मुखाची लांबी गेलेली असते आणि त्याच्याबरोबर त्यात असणारा, जंतूंना अडवणारा दाट चिकट स्रावही गेलेला असतो. टाका वजन पेलतो, पण जंतू अडवू शकत नाही. जंतू वर चढतात, गर्भजलाच्या पडद्याला सूज येते, पडदा वेळेआधी फुटतो आणि प्रसूती लवकर होते. अशा गरोदरपणांपैकी साधारण एक तृतीयांश बाळे मुदतपूर्व जन्मतात, त्यांतली बरीच आठव्या महिन्यानंतर. म्हणून संसर्ग शोधत राहणे हा तुमच्या देखरेखीचा कणा आहे. लघवीचे कल्चर (त्यातील जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) नियमितपणे करावे आणि त्यात जंतू आढळले, तर जळजळ नसतानाही पूर्ण उपचार घ्यावेत. अंगावरील पाण्याचा रंग किंवा वास बदलला, तर ‘गरोदरपणात असे होते’ म्हणून सोडून देऊ नये.

साधारण सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी योनीमार्गे सोनोग्राफी करून टाक्याच्या वर किती बंद भाग शिल्लक आहे, हे मोजतात. एकाच दिवशीच्या आकड्यापेक्षा तो कोणत्या गतीने उतरतो आहे, याला अधिक महत्त्व असते, म्हणून शक्य तितक्या वेळा त्याच तज्ज्ञाकडून मोजून घ्यावे. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक द्यावे का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. प्रसूती लवकर होण्याची चिन्हे दिसल्यास बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. ती वेळेत मिळण्यासाठी आणि बाळासाठी नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवणे आताच उरकून घ्या. पाण्याची धार लागणे, ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे, ताप, रक्तस्राव यांपैकी काहीही झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रक्तस्रावाचे एक वेगळे कारणही आहे : जोडलेल्या जागी गरोदरपणात शिरा फुगतात आणि त्यांतून रक्त येऊ शकते. ते भयंकर दिसते, पण गर्भ सुखरूप असतो आणि अनेकदा दाब देऊन ते आटोक्यात येते. अर्थात ते ठरवायचे ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी.

प्रसूती सिझेरियननेच होईल. टाका असताना कळा सुरू झाल्या तर खालचा भाग फाटू शकतो, म्हणून सारे सुरळीत असल्यास ३७ व्या आठवड्याच्या सुमारास तारीख ठरवतात. या गर्भपिशवीचा खालचा भाग नेहमीसारखा ताणलेला नसतो आणि छेद बाजूला फाटत गेला तर मोठ्या रक्तवाहिन्या जवळच असतात, त्यामुळे छेद किंचित वर घ्यावा लागू शकतो. टाका तसाच ठेवला, तर तो पुढच्या खेपेलाही उपयोगी पडतो.

दुर्दैवाने गर्भ टिकला नाही तर काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी ते आधीच बोलून घ्यावे. सुरुवातीच्या आठवड्यांत टाका तसाच ठेवून सक्शनने गर्भपिशवी रिकामी करता येते. चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र टाका कापावा लागतो किंवा पोट उघडावे लागते, आणि ते रात्री दोन वाजता, तुमची शस्त्रक्रिया कधी न पाहिलेल्या डॉक्टरांना करावे लागले, तर त्यांना हाताशी काही तरी कागद हवा. मूळ शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत रुग्णालयातून मागून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावा. त्यात धागा कोणता, टाका किती उंचीवर आणि गाठ पुढच्या बाजूला मारली आहे की मागच्या, या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर त्या शल्यविशारदांकडून हाताने लिहून घ्या.